"मक्तेदारी तर तुमचीच!" : गाण्यांच्या खटल्यांतला एक शंभर वर्षं जुना बचाव

आधीच सांगून ठेवतो, विषय गाण्यांचा असला तरी आजच्या एपिसोडमध्ये एकही गाणं वाजणार नाही. का, ते पुढे कळेलच. खालची लिखित आवृत्ती नेहमीसारखीच आहे, बोलताना घसरलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.

समजा कराडात एखादं हॉटेल आहे किंवा विट्यात मोठा हॉल आहे. थर्टी फर्स्टचा कार्यक्रम ठरतो, साउंडवाला ठरतो, आणि वकिलाची नोटीस येते : आमच्या कंपनीची गाणी वाजवणार असाल तर लायसन्स घ्या, इतके पैसे भरा, नाहीतर कोर्टात भेटू. मालकाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "लाखो गाणी यांच्याच ताब्यात, रेट हेच ठरवणार, दुसरीकडे जायची सोय नाही, आणि चोर म्हणे आम्ही!"

रागाने बोललेलं हे वाक्य कायद्याच्या भाषेत नीट मांडलं तर तो एक बचाव होतो. "हो, मी विना-लायसन्स गाणं वाजवलं. पण समोरचा आपल्या मक्तेदारीचा गैरवापर करतोय, म्हणून त्याला माझ्याविरुद्ध दाद मागायचा हक्क नाही." इंग्रजीत अँटीट्रस्ट म्हणतात तोच हा मुद्दा. आपल्याकडे त्याला स्पर्धा कायदा म्हणतात.

हा बचाव चालतो का? भारतात, गाणं चोरल्याच्या दाव्यात थेट ढाल म्हणून, जवळपास नाहीच. पण हाच मुद्दा दुसऱ्या दारातून आत गेला की कायदा बदलतो, दर बदलतो, एखाद्या बलाढ्य कंपनीला दंडही होतो. फक्त ज्याला नोटीस आली होती त्याच्या हातात तेव्हा काही पडत नाही. आजची गोष्ट त्या दुसऱ्या दाराची आहे. त्यात मिरज आहे, सांगलीचं एफएम आहे, आटपाडी तालुक्यातलं शेटफळे आहे. सुरुवात मात्र अमेरिकेतल्या पियानोपासून करावी लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो घरोघरी होते. भोकं पाडलेला कागदी रोल आत घालायचा, पियानो स्वतः वाजायचा. एक प्रकारे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरच. प्रश्न आला की त्या रोलवर गाणं उतरवलं तर ती कॉपी झाली का? १९०८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही, कारण माणसाला तो रोल वाचता येत नाही. मग संगीतकारांना हक्क द्यायला कायदा बदलायची वेळ आली. पण तोवर एओलियन नावाच्या कंपनीने एक चलाख काम करून ठेवलं होतं. उद्या हक्क मिळाला तर रोलचे अधिकार फक्त आम्हालाच, असे करार तिने मोठमोठ्या संगीत प्रकाशकांशी आधीच करून ठेवले होते. म्हणजे कायदा संगीतकारांसाठी होणार आणि अख्खी बाजारपेठ जाणार एका कंपनीच्या खिशात.

ते हेरून १९०९ च्या अमेरिकन कायद्यात एक तोडगा घातला गेला. संगीतकाराने एकदा कुणालाही आपलं गाणं यंत्रावर उतरवू दिलं, की त्यानंतर बाकी कुणीही ठरलेली रॉयल्टी भरून ते उतरवू शकेल. परवानगी मागायची नाही, फक्त पैसे द्यायचे. दर होता दोन सेंट. १९११ च्या ब्रिटिश कायद्यात याच धाटणीची तरतूद आली, आणि १९१४ साली तो ब्रिटिश कायदा थोडेफार बदल करून भारतात लागू झाला. एका अमेरिकन कंपनीच्या मक्तेदारीला घाबरून केलेलं कलम बोटीतून फिरत फिरत असं आपल्यापर्यंत आलं. हे कलम डोक्यात ठेवा, सत्तर-ऐंशी वर्षांनी ते उपयोगी पडणार आहे.

आता मिरज. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली ते गेले, आणि त्यांच्या आठवणीत दर्ग्यात होणारा संगीत उत्सव आजही मिरजेची ओळख आहे. उतारवयात त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्यांनी त्यांचं नाव घराघरात नेलं, आणि त्या 'ओडियन' या लेबलवर होत्या. तेव्हाच्या ग्राहकाला दुकानात एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन अशी वेगवेगळी नावं दिसायची आणि वाटायचं की भरपूर कंपन्या आहेत, चांगली चुरस आहे. पण १९३१ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांचं विलीनीकरण होऊन ईएमआय तयार झाली, आणि ओडियनची जर्मन मालक कंपनी त्याआधीच कोलंबियाच्या ताब्यात आली होती. कुत्र्याचं चित्र असो वा नसो, मालक एकच. दुकानात दहा ब्रँडचे साबण आणि मागे दोन कंपन्या, हे आपल्याला नवं वाटतं, पण रेकॉर्डच्या धंद्यात ते आजोबांच्या काळात होऊन गेलंय.

या काळात मक्तेदारीचा मुद्दा कोर्टात मांडणार तरी कोण? तबकडी कलकत्त्याच्या कारखान्यात दाबली जायची. लहान देशी कंपन्या निघाल्या, काही टिकल्या, पण मोठा कॅटलॉग एकाच घरात साठत गेला. मधली वर्षं झपकन ओलांडू या. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा आला. त्यातली एक गोष्ट तेवढी महत्त्वाची. गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांनी आपले दर आधी जाहीर करायचे, त्यावर कुणालाही हरकत घेता येईल, आणि हरकत आली तर कॉपीराइट बोर्ड निकाल देईल, अशी सोय त्यात होती. म्हणजे एकत्र वसुली करणारी संस्था मक्तेदार होणार हे कायद्याने गृहीतच धरलं होतं. एकेका गाण्यासाठी शंभर जणांच्या दारात जाण्यापेक्षा एक खिडकी बरी, पण त्या खिडकीवर दरपत्रक लावा, असा तो हिशोब. मला व्यक्तिशः हा हिशोब अजूनही पटतो.

मग आलं १९८३. गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज काढली, आपण तिला टी-सीरिज म्हणून ओळखतो. कॅसेट स्वस्त होती, टेपरेकॉर्डर खेड्यात पोचला होता, आणि एचएमव्हीला या नव्या बाजाराचा अंदाज यायला उशीर झाला. टी-सीरिजवर पायरसीचे आरोप झाले ते झालेच, पण तिचा खरा डाव कायदेशीर होता. आठवतंय ते पियानोवालं कलम? १९५७ च्या कायद्यात ते ५२(१)(जे) म्हणून बसलं होतं. मूळ रेकॉर्डिंग एचएमव्हीचं, त्याला हात लावायचा नाही. पण तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घ्यायचं, नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची, आणि आपली कॅसेट बाजारात आणायची. यालाच व्हर्जन रेकॉर्डिंग म्हणायचे. सोनू निगम यांची 'रफी की यादें' मालिका, अनुराधा पौडवाल यांच्या आवाजातली जुनी गाणी, एसटी स्टँडच्या बाहेरच्या टपरीवर वीस-पंचवीस रुपयांत मिळणारी ती सगळी दुनिया या कलमावर उभी होती.

आता भांडण अटळ होतं. 'हम आपके हैं कौन' १९९४ सालचा. त्याच्या संगीताचे हक्क ग्रामोफोन कंपनीकडे. टी-सीरिजने त्याच गाण्यांची व्हर्जन कॅसेट काढली आणि ग्रामोफोन कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. १९९५ च्या निकालात कोर्टाने लक्ष घातलं ते मुख्यतः कॅसेटच्या वेष्टणात : नाव आणि रूप असं ठेवू नका की गिऱ्हाईकाला ते मूळ साउंडट्रॅक वाटेल, हे मूळ नाही असं स्पष्ट लिहा. १९९४ च्या दुरुस्तीने त्या कलमाला दोन वर्षं थांबण्याची अटही घातली होती, आणि २०१२ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर गेली. दार बंद झालं नाही, अरुंद होत गेलं.

या खटल्यांत "ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी आहे म्हणून आम्हाला सोडा" असं म्हणायची टी-सीरिजला गरजच पडली नाही. मक्तेदारीला उतारा कायद्यात आधीच लिहून ठेवलेला होता, तिने फक्त ते कलम दाखवलं. असा उतारा कायद्यातच नसेल तेव्हा काय होतं, त्याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं नॅपस्टर. फुकट गाणी देवाणघेवाण करायचं ते सॉफ्टवेअर, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नुसतं नाव ऐकलेलं. अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याच्यावर दावा ठोकला. नॅपस्टरने म्हटलं, या पाच कंपन्या मिळून स्वतःच्या ऑनलाइन सेवा काढतायत आणि आम्हाला जाचक अटींवरच लायसन्स देतायत, हा कॉपीराइटचा गैरवापर आहे. २००२ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी हा मुद्दा हसण्यावारी न नेता कंपन्यांचे कागद तपासायला परवानगी दिली. कंपन्यांना घाम फुटावा असा आदेश होता. पण त्याच वर्षी जूनमध्ये नॅपस्टर दिवाळखोरीत गेलं. मुद्दा चांगला होता, तो मांडणारा टिकला नाही. पुढे लाइमवायरनेही अँटीट्रस्टचा उलट दावा करून पाहिला, २००७ साली कोर्टाने तो फेटाळला.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं, आणि गाण्याचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. पण माझ्या धंद्यातलं असल्यामुळे सांगायचा मोह होतोय. टेक्ला नावाच्या फिनलंडच्या कंपनीचं इमारतींच्या सांगाड्याचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर आहे. विना-लायसन्स वापरल्याचा दावा झाला, तेव्हा बचाव असा की कंपनीच्या अटी अन्यायकारक आहेत, तिने कॉपीराइटचा गैरवापर केलाय. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हा बचाव ऐकून घेतला नाही. थोडक्यात मतलब असा : अटी जाचक वाटत असतील तर त्यासाठी कायद्याने वेगळे मार्ग दिलेत, तिकडे जा, पण "तोही वाईट आहे" म्हणून तुमची कॉपी माफ होत नाही. कडक आहे, पण चूक म्हणता येत नाही. दर जास्त वाटला म्हणून प्रत्येकाने आधी वापरायचं आणि मग मक्तेदारीची ओरड करायची असं ठरलं, तर लहान संगीतकारही त्यात भरडला जाईल.

तर हे "वेगळे मार्ग" म्हणजे नेमकं काय? त्यासाठी सांगलीला यावं लागेल.

खासगी एफएम २००१ मध्ये मोठ्या शहरांत सुरू झालं आणि दुसऱ्या फेरीत आपल्यासारख्या शहरांत आलं. रेडिओ सिटी चालवणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्ट कंपनीने घेतलेल्या स्टेशनांत सोलापूर, अहमदनगर, जळगाव, नांदेड, अकोला होतं, आणि सांगलीही होती. रेडिओचा कच्चा माल म्हणजे गाणी, आणि गाण्यांचा भाव तासावर होता. गाणं प्रत्यक्ष किती वेळ वाजलं ते मोजायचं, त्याला नीडल आवर म्हणतात, आणि प्रत्येक तासाला अमुक रुपये. मुंबईत एका जाहिरातीच्या स्लॉटला जो भाव मिळतो तो सांगलीत मारुती रोडवरच्या कापड दुकानदाराकडून मिळणार आहे का? गाणं मात्र तितकीच मिनिटं वाजतं. तासाचा हिशोब लहान गावाला नेहमी जड जातो.

रेडिओ कंपन्या आणि संगीत कंपन्यांचं भांडण दिल्ली आणि मुंबई अशा दोन्ही हायकोर्टांतून फिरत सुप्रीम कोर्टात गेलं. एकीकडे रेडिओ मिर्चीवाली एन्टरटेन्मेंट नेटवर्क, दुसरीकडे टी-सीरिज, शिवाय संगीत कंपन्यांच्या वतीने वसुली करणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, म्हणजे पीपीएल. कायद्याच्या ३१ व्या कलमात सक्तीच्या लायसन्सची तरतूद आहे. मालक गाणं लोकांपर्यंत पोचू देत नसेल तर बोर्ड त्याला तसं करायला लावू शकतं. संगीत कंपन्यांचं म्हणणं, आम्ही नकार कुठे दिलाय, आम्ही दर सांगितलाय. १६ मे २००८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परवडणार नाही अशा अटी घालणं हाही नकारच समजता येईल. माझ्या मते भारतातल्या या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. "तुम्ही मक्तेदार आहात" या तक्रारीला पहिल्यांदा एक ठोस रूप मिळालं. फक्त ते रूप बचावाचं नव्हतं. तुम्ही आधी बोर्डाकडे जायचं, दर मागून घ्यायचा, मग वाजवायचं.

आणि बोर्डाने दर दिला. २५ ऑगस्ट २०१० च्या आदेशाने तासाचा हिशोब मोडीत काढला : प्रत्येक स्टेशनच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाचे २ टक्के बाजूला काढायचे आणि ज्याची जितकी गाणी वाजली त्या प्रमाणात वाटायचे. या प्रकरणात पुढे होती तीच म्युझिक ब्रॉडकास्ट. म्हणजे मुंबई स्टेशनने मुंबईच्या कमाईतून द्यायचं आणि सांगलीने सांगलीच्या. ज्या शहरात जाहिरातदार कमी, तिथे गाण्याचा खर्चही कमी. ही सोय २०२० च्या सप्टेंबरपर्यंत चालली. संगीत कंपन्या अर्थातच खूश नव्हत्या, आणि त्यांचंही एक म्हणणं होतं : गाण्यांशिवाय रेडिओत उरतं काय, मग शंभरातले दोनच रुपये? तुम्हीच ठरवा. मला २ टक्के कमी वाटतात, पण हिशोबाची पद्धत बरोबर वाटते.

मधल्या काळात अजून एक दार उघडलं. जुना एमआरटीपी कायदा जाऊन नव्या स्पर्धा कायद्याची मुख्य कलमं २० मे २००९ पासून लागू झाली. त्याच सुमारास मुंबईत चित्रपट निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात उत्पन्नाच्या वाटपावरून जुंपली होती, निर्मात्यांनी एकजुटीने नवे सिनेमे रोखून धरले होते. स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली तेव्हा निर्माते मुंबई हायकोर्टात गेले : हा कॉपीराइटचा विषय, आयोगाचा इथे काय संबंध? पहा, इथे गोष्ट उलटी झाली. मक्तेदारीचा बचाव कॉपीराइटविरुद्ध नाही, कॉपीराइटचाच बचाव मक्तेदारीच्या आरोपाविरुद्ध! आमिर खान प्रॉडक्शन्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात २०१० मध्ये हायकोर्टाने सांगितलं की आयोग हे तपासू शकतो. पुढच्या वर्षी २७ निर्मात्यांना प्रत्येकी एक लाखाचा दंड झाला. रक्कम चहापाण्याची, पण रस्ता मोकळा झाला.

त्या रस्त्यावर २०११ मध्ये फीवर एफएमची मालक एचटी मीडिया टी-सीरिजविरुद्ध तक्रार घेऊन आली. टी-सीरिजची अट होती की किमान अमुक इतक्या गाण्यांचे पैसे भरावेच लागतील, तुम्ही वाजवा अगर न वाजवा. मिनिमम कमिटमेंट चार्ज. पैसे भरलेच आहेत म्हटल्यावर स्टेशनवाला तीच गाणी वाजवणार आणि दुसऱ्या कंपनीच्या गाण्याला जागा उरणार नाही, हा त्यातला खरा काटा. १ ऑक्टोबर २०१४ रोजी आयोगाने निकाल दिला : एफएमसाठी बॉलीवूड संगीताच्या बाजारात टी-सीरिजचं वर्चस्व आहे आणि ही अट म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर. दंड २ कोटी ८३ लाख. दर मात्र अवाजवी आहे, हे आयोगाने मानलं नाही.

ज्या कंपनीने एचएमव्हीचा किल्ला मक्तेदारीविरोधी कलमाच्या शिडीने सर केला, तीच तीस वर्षांत किल्लेदार झाली. याबद्दल टी-सीरिजला नैतिकतेचे धडे द्यायचा माझा विचार नाही, गाण्यांचा कॅटलॉग ही चीजच अशी आहे. माणसं म्हातारी होतात, कॅटलॉग वाढत जातो.

इथपर्यंत सगळी भांडणं कंपनी विरुद्ध कंपनी. गाणं लिहिणारा कुठे आहे? ग. दि. माडगूळकरांचा जन्म आपल्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचा. १९७७ च्या डिसेंबरात ते गेले. त्याच वर्षी १४ मार्चला सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला होता. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस हिने आपले दर जाहीर केले, सिनेमावाल्यांनी हरकत घेतली. म्हणजे १९५७ ची ती दरपत्रकाची खिडकी प्रत्यक्ष वापरली गेली. पण हरकत "दर जास्त" अशी नव्हतीच. हरकत होती की ही गाणी तुमची नाहीतच! आणि कोर्टाने ते मान्य केलं : निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टिपण जोडून कलावंतांच्या बाजूने कायदा बदलायला हवा असं सुचवलं. ते व्हायला २०१२ उजाडलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जोर लावला आणि आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही कंपनीला लिहून देता येत नाही.

हे मध्येच का सांगितलं, तर "मक्तेदारी मोडली" म्हणजे कवीला पैसे मिळाले असं होत नाही म्हणून. एचएमव्हीचे पैसे टी-सीरिजकडे गेले, संगीत कंपन्यांचे थोडे रेडिओकडे राहिले. कवीसाठी वेगळी दुरुस्ती लागली.

आता परत हॉल आणि हॉटेल. १९९४ च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो की अशी एकत्र वसुली नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीनेच करायची, आणि एका प्रकारच्या हक्कासाठी साधारणपणे एकच सोसायटी. सोसायटी झालात की दरपत्रक जाहीर, सरकारची नजर. २०१२ च्या बदलांनंतर पीपीएल सोसायटी राहिली नाही. तिचं म्हणणं, कंपन्यांनी हक्क आमच्या नावावर केलेत, आम्ही मालक आहोत, मालकाला लायसन्स द्यायला सोसायटी कशाला? नोव्हेक्स कंपनीचंही तेच. २०२१ मध्ये रेकॉर्डिंगसाठी आरएमपीएल नावाची वेगळीच सोसायटी नोंदली गेली.

आणि मग हॉटेलवाल्यांना एक नवा बचाव सापडला. "तुम्ही मक्तेदार आहात" असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, "तुम्ही सोसायटी नाही, मग वसुलीचा धंदा कसा करता?" नीट पाहिलं तर जुनाच मुद्दा, नवे कपडे. सोसायटीची अट मुळात मक्तेदाराला दरपत्रकाच्या खिडकीत बसवायला होती.

यावर हायकोर्टांची मतं फुटली आहेत. मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये नोव्हेक्सच्या प्रकरणात हा बचाव मानला. मुंबई हायकोर्टाने २४ जानेवारी २०२४ रोजी मानला नाही : न्यायमूर्ती छागला यांनी म्हटलं, मालक हा मालक, त्याला ३० व्या कलमाखाली लायसन्स देता येतं. सातारा-सांगलीला लागू पडतो तो हा निकाल. दिल्लीत अझ्युअर हॉस्पिटॅलिटी या रेस्टॉरंट कंपनीच्या प्रकरणात १५ एप्रिल २०२५ ला खंडपीठाने मधला मार्ग काढला, पीपीएलला आरएमपीएलच्या दराने पैसे द्या म्हणून, आणि आठवड्याभरात, २१ एप्रिलला, सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

लग्नाचं मात्र वेगळं आहे, तिथे घाबरू नका. ५२(१)(झेडए) कलमाने खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेली गाणी मोकळी आहेत, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले कार्यक्रम त्यात स्पष्ट धरलेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाने तशी जाहीर सूचनाही काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच धर्तीवर परिपत्रक काढलं, पण पीपीएल मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात गेली आणि ऑगस्टमध्ये ते रद्द झालं. म्हणून परिपत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवून उपयोग नाही, कलम दाखवा.

आणि आमचं पॉडकास्ट? रेडिओ-टीव्हीसाठी २०१२ पासून ३१डी कलमाने ठरलेल्या दराचं लायसन्स आहे, पण ते इंटरनेटला लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात सांगितलं. म्हणजे सांगलीचं एफएम जे गाणं ठरलेल्या दराने वाजवू शकतं, तेच मला वाजवायचं तर कंपनीला मेल टाकायचा आणि ती सांगेल तो भाव. दोनदा टाकलाय, उत्तर नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या निकालात मेलला उत्तर न देणं हा नकार धरायचा का, हे कुणी विचारलेलं नव्हतं.